सत्तावीस दिवस, सत्तावीस तास

मार्च संपत आला की आमच्या सोसायटीतल्या पोरी पुस्तकं घेऊन जिन्यात येऊन बसतात. घरात पंखा गरम हवा फेकतो, गच्चीवर पाय ठेववत नाही. जिन्यात तेवढा गारवा असतो. कोणी पाठांतर करत डोलते, कोणी वहीच्या मागच्या पानावर उगाच फुलं काढते. मी कामावरून परतते तेव्हा त्या पाय आखडून वाट देतात. "आंटी, तमे सायन्समां हता ने? आ जरा समजावो ने," असं एखादी म्हणते आणि मी पायरीवर टेकून तिला किरणोत्सर्ग समजावते. अर्धआयुष्य म्हणजे काय? शंभराचे पन्नास व्हायला लागणारा वेळ. पन्नासाचे पंचवीस व्हायलाही तेवढाच. पोरगी मान हलवते. समजायला ते अवघड नाहीच. मग मी वर जाते, दार लावून घेते आणि पाण्याचा तांब्या हातात धरून बराच वेळ ओट्याशी नुसती उभी राहते.

दर उन्हाळ्यात हे होतं. इतकी वर्षं झाली, आता व्हायला नको, असं मी स्वतःला सांगते.

प्लेगनंतरचा तो दुसरा उन्हाळा. गावातले रस्ते रुंद झाले होते, कचऱ्याच्या गाड्या वेळेवर येत होत्या आणि सुरत आता सुरत राहिली नाही असं लोक कौतुकाने म्हणत होते. आमच्या बमरोलीपर्यंत ती स्वच्छता अजून यायची होती. आम्ही अमळनेरकडचे. बाबा मी दोन वर्षांची असताना इथे आले आणि कापडाच्या सांच्यांवर, म्हणजे यंत्रमागांवर, लागले. घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. मागच्या भिंतीला लागूनच सांच्यांचं खातं. भिंतीवर हात ठेवला तर तळव्याला ती खडखड लागायची. त्या आवाजात आम्ही जेवायचो, भांडायचो, अभ्यास करायचो. बाबांचे कान तिथेच गेले. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. दुसऱ्या घरांत जे कुजबुजून सांगतात, ते आमच्याकडे आख्ख्या चाळीला ऐकू जायचं.

मी फिजिक्समध्ये एम. एस्सी. झाले होते आणि गावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात एका संशोधनाच्या कामावर सहायक म्हणून लागले होते. काम तात्पुरतं. रोज सकाळी अकराच्या उन्हात तोंडाला ओढणी गुंडाळून मी सायकलवर निघायची, आणि पिशवीत स्वेटर असायचा. एप्रिल-मे महिन्यात स्वेटर! आईला ते काही केल्या पटायचं नाही. कॉम्प्युटरची खोली ही कॉलेजातली एकमेव वातानुकूलित खोली होती, आणि ती थंडी मशीनसाठी होती, माणसांसाठी नव्हती. बाहेर डांबर पाघळायचं आणि आत माझी बोटं गारठायची. दारातून आत पाऊल टाकताना अंगावरचा घाम एका क्षणात गार व्हायचा. तो क्षण मला अजून मानेवर जाणवतो.

त्या खोलीत आम्ही अणुभट्टी चालवायचो.

खरी नव्हे. आकड्यांची. अणुभट्टीचा गाभा म्हणजे नळ्यांचे जुडगे, नळ्यांत बोटाच्या पेराएवढ्या इंधनाच्या गोळ्या. तो सगळा गाभा आमच्या प्रोग्राममध्ये चौकोनांत कापलेला असायचा. प्रत्येक चौकोनात न्यूट्रॉन किती, उष्णता किती, इंधन किती उरलं, याचा हिशेब कॉम्प्युटर एक दिवस पुढे सरकून करायचा, मग आणखी एक दिवस. असे हजार-दीड हजार दिवस. बारा वाजता गाभा पेटवला की चारच्या सुमारास तो म्हातारा होऊन विझायचा. मधेच वीज गेली तर सगळं पाण्यात. आईला एकदा मी हे सांगायचा प्रयत्न केला. ती साडीवर खडे चिकटवत बसली होती. हातातला चिमटा तसाच धरून तिने विचारलं, "मंग ती भट्टी पेटस नही का?"

"नाही गं. नुसते आकडे."

"मंग बरं शे," ती म्हणाली आणि पुढचा खडा उचलला.

काम देसाईसरांचं होतं. पन्नाशी ओलांडलेले, अंगाने किरकोळ, शर्टाच्या खिशात नेहमी दोन पेन्सिली. मुंबईला एका मोठ्या संशोधन केंद्रात त्यांनी चौदा वर्षं काढली होती. पत्नीची किडनी निकामी व्हायला लागली तेव्हा तिला तिच्या माणसांत ठेवावं म्हणून नोकरी सोडून ते सुरतेला परत आले. कुमुदबेन पुढे चार वर्षं जगल्या. मी कामाला लागले तेव्हा त्यांना जाऊनही तेवढीच वर्षं झाली होती. मुंबईमुळे सरांना मराठी चांगलं यायचं, पण वाक्याच्या शेवटी गुजराती हेल यायचाच. मला ते सुरेखाबेन म्हणायचे. वयाने त्यांच्या मुलीएवढी होते, पण कधी एकेरी हाक नाही.

"सुरेखाबेन, थोरियम समजून घ्या हं के," पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं. "केरळच्या वाळूत आपल्याकडे ढीग पडलाय. पण तो स्वतः जळत नाही. त्याने न्यूट्रॉन गिळला की त्याचा प्रोटॅक्टिनियम होतो. तो काही दिवस तसाच बसून राहतो, मग त्याचं युरेनियम होतं. ते जळतं. म्हणजे भट्टी चालता चालता स्वतःचं जळण स्वतः करते. करते ने?"

"करते," मी म्हटलं.

"किती करते, ते आपण मोजायचं."

त्यांनी एक गाभा रचला होता. थोरियमच्या नळ्या मधोमध, न्यूट्रॉनांची सगळ्यात जास्त गर्दी जिथे तिथे. हा गाभा साध्या युरेनियमच्या गाभ्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस टिकायचा. हे उत्तर त्यांना कुमुदबेनच्या शेवटच्या वर्षात पहिल्यांदा मिळालं होतं. पुढची सगळी वर्षं ते तेच उत्तर जास्त बारकाईने, जास्त चौकोन पाडून पुन्हा पुन्हा काढत होते आणि दर वेळी ते तसंच यायचं. चांगली उत्तरं अशी असतात, असं मला तेव्हा वाटायचं.

जूनमध्ये मुंबईहून समिती येणार होती. तिने मान्य केलं असतं तर काम तीन वर्षांनी वाढलं असतं, मला पीएच.डी.ला नाव नोंदवता आलं असतं आणि तात्पुरती हा शब्द माझ्यापुरता संपला असता. बाबांनी चाळीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. ओरडूनच.

समितीला दाखवायला म्हणून मी एक आलेख काढायला घेतला. सरांनीही तो मागितला नव्हता. भट्टी मधेच एक महिना बंद ठेवली तर आतल्या इंधनाचं काय होतं, एवढंच पाहायचं होतं. लायब्ररीतल्या पुस्तकात तसा एक आलेख होता. भट्टी बंद केल्यावरही प्रोटॅक्टिनियमचं युरेनियम होत राहतं, त्यामुळे रेघ आठवडेच्या आठवडे वर चढत राहते. माझी रेघ सहाव्या दिवशी सपाट झाली.

मी पुन्हा काढला. पुन्हा सहावा दिवस.

मग मी मूळ आकड्यांची फाइल उघडली. प्रत्येक मूलद्रव्याची एक ओळ, त्या ओळीत त्याचं अर्धआयुष्य, आणि त्यापुढे एक खूणअंक. तीन म्हणजे तास, चार म्हणजे दिवस. प्रोटॅक्टिनियमच्या ओळीत सत्तावीस बरोबर लिहिलं होतं. पुढे तीन होता.

सत्तावीस दिवस थांबून राहणारा तो पदार्थ आमच्या गाभ्यात सत्तावीस तासांत युरेनियम होऊन मोकळा होत होता. खऱ्या भट्टीत तो इतके दिवस बसून राहिला असता, आणि बसल्या बसल्या न्यूट्रॉन गिळत राहिला असता. एक न्यूट्रॉन वाया, आणि होऊ घातलेलं इंधनही वाया. सरांच्या गाभ्यात तर न्यूट्रॉनांची गर्दी मुद्दाम वाढवलेली, म्हणजे नुकसानही तितकंच मोठं. पुढचा हिशेब करायला मला कॉम्प्युटर लागला नाही. मी आलेखाचा कागद प्रिंटरमधून फाडून घेतला, घडी केली आणि स्वेटरच्या खाली पिशवीत घातला. सर पलीकडच्या टेबलावर पेन्सिलीला टोक करत होते.

"काय सुरेखाबेन, झालं?"

"झालं, सर."

"आलेख बरोबर येतोय ने?"

"येतोय."

त्या 'येतोय'चं काय करावं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

पुढचे दिवस मला सुटे सुटे आठवतात, त्यांना क्रम नाही. उन्हात सायकलची गादी इतकी तापायची की बसवायचं नाही. कॉलेजच्या फाटकाशी ताडफळीवाला बसायचा, त्याच्याकडचे ताडगोळे सोलून खाताना तोंडाला चवच नसायची. घरी मागच्या भिंतीतून सांचे खडखडत राहायचे आणि मी मनात ती ओळ वाचत राहायची, सत्तावीस, तीन. कधी वाटायचं, उद्या सांगू. कधी वाटायचं, मीच चुकले असेन. चुकले नव्हते, ते मला ठाऊक होतं.

चूक सापडल्याच्या चौथ्या दिवशी मी बाबांना विचारलं. ते पाळी संपवून आले होते, भुवयांवर कापसाची पांढरी लव तशीच होती. मी त्यांच्या कानाशी ओरडले, "बाबा, सरांच्या कामात एक चूक सापडली. फार मोठी."

"तुन्ही चूक शे का?"

"माझी नाही. जुनी आहे."

"कोणले दिखस का ती?"

"अजून कोणालाच नाही."

बाबांनी पाण्याने तोंड धुतलं, टॉवेलने पुसलं. मग म्हणाले, "मंग तू कसाले सांगस? सायेब लोके त्यासनं ते पाही लेतीस. तुन्ही नोकरी पक्की व्हऊ दे पहिले."

बाबांनी मला काही थोर सांगावं अशी माझी अपेक्षा होती का? असावी. पुढे कित्येक वर्षं मी या वाक्याचा राग धरून होते. आता नाही. ज्या माणसाने बावीस वर्षं कान गमावत मुलीला शिकवलं, त्याने दुसरं काय म्हणायचं होतं? शेजारपाजारच्या चार घरांनी आमचं बोलणं ऐकलं असेल. कोणाला काही समजलं नसेल. एवढं गुपित मी भर चाळीत ओरडून सांगितलं आणि ते गुपितच राहिलं.

सहाव्या दिवशी सरांनी अहवाल पूर्ण केला. तपकिरी लिफाफा, वर त्यांच्या बारीक सरळ अक्षरात मुंबईचा पत्ता. लिफाफा त्यांनी माझ्या हातात दिला.

"पोस्टात तुम्ही टाका. तुमचा हात चांगला आहे. आणि आत बघितलं नाही तुम्ही, पण नाव तुमचं पहिलं टाकलंय मी."

"सर, माझं कशाला पहिलं?"

"मी किती दिवस? माझं झालं आता. पुढे तुम्हाला चालवायचंय हे." हे बोलताना ते चक्क लाजले. मग खिशातल्या पेन्सिली उगाच बाहेर काढून पुन्हा आत ठेवल्या.

पोस्टात रांग होती. वर पंखा गरगरत होता, खिडकीतल्या कारकुनाने वजन केलं, तिकिटं लावली, शिक्का मारला. रांगेत मी वीस मिनिटं तरी उभी होते. या वीस मिनिटांत मला परत फिरता आलं असतं. लिफाफा माझ्याच हातात होता. एवढं साधं होतं ते. मी पावती घेतली आणि बाहेर आले.

आठव्या दिवशी मी सांगितलं. ते सचोटीमुळे नव्हे. सकाळी सरांनी सहज सांगितलं की समितीत एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत, त्यांनी आख्खं आयुष्य थोरियमवर घालवलंय. त्या माणसाच्या हे लगेच लक्षात येणार, आणि नाव माझं पहिलं. मी भ्याले म्हणून सांगितलं.

पिशवीतून कागद काढून मी त्यांच्यासमोर ठेवला, शेजारी फाइलमधली ती ओळ पडद्यावर आणली आणि तीनवर बोट ठेवलं. सर खाली वाकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पडद्याची थरथर सोडली तर खोलीत काही हलत नव्हतं.

"हा तीन," ते म्हणाले. "हा इथे चार पाहिजे."

"हो, सर."

त्यांनी स्वतः तीन खोडून चार केला आणि गाभा पेटवला. अडीच-तीन तास आम्ही बसलो. चहा आला, तो तसाच राहिला. सर आकड्यांकडे बघत होते आणि मी सरांकडे बघायचं टाळत होते. दिवस सरकत गेले, पाचशे, सातशे, आठशे. मग तो गाभा विझला, साध्या युरेनियमच्या गाभ्याच्या चार दिवस आधी. जास्तीचं म्हणून जे काही होतं ते सगळं त्या एका अंकात होतं.

"बरोबर आहे," सर म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "केव्हा सापडलं?"

"काल," मी म्हटलं.

ते माझ्या आलेखाच्या कागदाकडे बघत होते. आमचा प्रिंटर प्रत्येक कागदाच्या डोक्यावर तारीख छापायचा, हे मला त्या क्षणी आठवलं. सरांनी कागदाची हळूच घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "उन्हाचं निघू नका लगेच. पाणी पिऊन जा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नानपुऱ्यात घरी बोलावलं. दुपारी आख्खी गल्ली झोपलेली, दुकानांची शटर अर्ध्यावर. खिडकीला ओला पडदा लावलेला होता. टेबलावर आकड्यांच्या मूळ पुस्तकाची झेरॉक्स होती, कडा बोटांनी मऊ झालेल्या. मूळ फाइल याच खोलीत तयार झाली होती. कुमुदबेनला उठून बसवत नसे, तेव्हा त्या पलंगावर पडून पुस्तकातून आकडे वाचायच्या आणि सर टाइप करायचे. तिला कामात गुंतवलं की तिचं दुखणं कमी व्हायचं, असं सर म्हणाले. किंवा मला तसं वाटायचं, असंही म्हणाले.

"आता तुम्ही वाचा. बाकीचे किती चुकलेत ते बघू."

दोन दुपारी मी वाचत होते आणि ते छापील फाइलवर प्रत्येक आकड्यापुढे टिंब देत होते. दुसरी चूक सापडावी, असं त्यांना वाटत होतं, हे मला हळूहळू कळलं. दहा चुका सापडल्या असत्या तर ते दुखण्याचे दिवस होते, डोकं ठिकाणावर नव्हतं, असं म्हणता आलं असतं. पण बाकी सगळं अचूक होतं, शेवटच्या दशांश स्थळापर्यंत. तेवढी एकच चूक.

"ती तीन म्हणाली असेल, की मी दाबला असेन? तीन आणि चार शेजारी असतात ने," सर म्हणाले. मग खिडकीच्या ओल्या पडद्याकडे बघत राहिले. "तिचा आवाज तेव्हा फार बसला होता. मी दोनदा विचारायला पाहिजे होतं. पण तिला पुन्हा बोलायला लावायचं माझ्या जिवावर यायचं."

मी कागदाच्या घड्या सरळ करत बसले.

अहवाल मागे घेत असल्याचं पत्र त्यांनी दुसऱ्या दुपारीच लिहिलं. पाठवलेला अहवाल मागे घ्यायचा म्हणजे काय, ते संशोधनातल्या माणसालाच कळेल. न पाठवलेला अहवाल नुसता फाडून टाकता येतो, कोणाला पत्ताही लागत नाही. सहाव्या दिवशी मी रांगेतून परत फिरले असते तर त्यांनी तसंच केलं असतं आणि नवं उत्तर घेऊन ताठ मानेने समितीपुढे उभे राहिले असते. ते पत्र त्यांना लिहावं लागलं, ते माझ्यामुळे.

समिती तरीही आली. जूनचा दुसरा आठवडा, पाऊस लांबलेला, माणसं घामाने निथळत होती. तिघे जण होते. सरांनी उभं राहून सगळं सांगितलं, जुनं उत्तर, चूक, नवं उत्तर. आवाज सरळ होता. चूक कशी सापडली हे दाखवायला त्यांनी माझा आलेख त्यांच्यापुढे ठेवला. मी पाहिलं, कागदाची वरची पट्टी ब्लेडने काढून टाकलेली होती. अगदी सरळ कापली होती, पट्टी धरून.

"चूक माझी आहे," सर म्हणाले. "सुरेखाबेनने शोधली. सापडली त्याच दिवशी मला येऊन सांगितलं. अशी माणसं मिळत नाहीत."

तिघांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी खाली बघितलं. लाजले असेन, असं त्यांना वाटलं असणार.

मग ते ज्येष्ठ गृहस्थ बोलले. स्वभावाने वाईट नव्हते, उलट फार हळुवारपणे बोलले. "देसाई, तुझा पहिला अहवाल वाचला तेव्हाच मला कळलं होतं, कुठेतरी प्रोटॅक्टिनियम सुटलाय. इतकं चांगलं उत्तर येत नाही. मी तुला लिहिणारच होतो. आणि खरं सांगू का, हे काम बंद करायचं वर आधीच ठरलंय. तुझी चूक असती-नसती, काही फरक पडला नसता."

नंतर सगळे जेवले. आमरस होता. सर त्यांना आग्रह करकरून वाढत होते.

जुलैत कॉम्प्युटर परीक्षा विभागाकडे गेले, गुणपत्रिका छापायला. थंड खोलीत फायलींची कपाटं आली आणि वातानुकूलन कोणीतरी काढून नेलं. मला सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका डाइंग मिलमध्ये नोकरी लागली, कॉम्प्युटरवर रंगांची मिश्रणं काढायची. कुठल्या निळ्यात किती लाल टाकला की गिऱ्हाईकाला हवी ती छटा येते, हे काम. ते मी आजही करते. चुकलं तर कापड पुन्हा रंगवतात. बाबा खूश होते. थोरियम अजून वाळूतच आहे, निदान मी मधूनमधून पेपरात वाचते त्यावरून तरी.

देसाईसर त्यानंतर दीड वर्षाने गेले. मला ते तीन आठवड्यांनी कळलं. कॉलेजातला जुना कारकून भाजीबाजारात भेटला आणि मेथीची जुडी निवडता निवडता म्हणाला, "पेला देसाईसाहेब गया, खबर छे ने?" मी घरी आले आणि भाजी ओट्यावर ठेवली. रडू आलं नाही. रडण्याचा हक्क मी गमावला होता, असं काहीतरी तेव्हा मनात आलं. आता वाटतं, ही सगळी नाटकं मनच आपल्यासाठी करतं. खरी गोष्ट एवढीच होती की मी त्यांना भेटले नव्हते. त्या जूननंतर एकदाही नाही.

शेवटची भेट जूनच्या अखेरीची. त्यांची पुस्तकं परत करायला मी नानपुऱ्यात गेले होते. मला वाटलं होतं, अंधारात बसलेले असतील. तर दार उघडलं तेव्हा त्यांच्या खिशात पेन्सिली होत्या आणि टेबलावर एक जुना कॉम्प्युटर मांडलेला होता, कुठून तरी मिळवलेला, वरचं झाकण काढून ठेवलेलं. प्रिंटरच्या जुन्या कागदांच्या पाठीवर त्यांनी नवा गाभा काढला होता. थोरियमच्या नळ्या मधून उचलून कडेला नेल्या होत्या, जिथे न्यूट्रॉनांची गर्दी कमी.

"बघा, बघा," ते म्हणाले. चेहरा उजळला होता, आणि तेच मला बघवेना. "मी घाई केली, ही चूक. कडेला ठेवू त्याला. सत्तावीस दिवस लागतात तर लागू दे ने. आपण हळू चालवू. आता समिती नाही, तारीख नाही. एकच आहे, आकडे एकट्याने तपासता येत नाहीत, दोघं लागतात. आठवड्यातून एक दुपार आलात तरी चालेल. याल?"

मला सांगता आलं असतं, सर, मला नोकरी लागली. सांगता आलं असतं की चूक काल नव्हे, आठ दिवस आधी सापडली होती. दोन्ही वाक्यं तोंडाशी होती. ते पट्टीने रेघ मारत होते.

"येईन, सर," मी म्हणाले. "दर रविवारी येईन. रविवारी मला सुट्टीच असते."

"रविवार उत्तम," ते म्हणाले आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं, रविवार.

मिलचं पत्र पर्समध्येच होतं. मी ते नीट वाचलं होतं, दोनदा. आठवड्याची सुट्टी बुधवारी होती.